मकर-१ची दोन बुचं

जीप विकत घेतल्यावर तिला चिखल लागायला सात महिने गेले. तेवढ्या काळात तिच्यावर एकोणीस बैठका झाल्या.

बैठक रविवारी सकाळी दहाला, बेंगळुरूत यशवंतपूरजवळच्या त्यांच्या सोसायटीच्या तळघरात भरायची, पार्किंग क्रमांक चौतीसवर. अध्यक्ष होते उमाकांत, एका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले उपसंचालक. त्यांच्या हाताखाली बावीस वर्षं काढलेला सुहास हा गाडीचा मालक आणि चालक. बाकीचे चार सभासद माना डोलावण्यापुरते. सुहासची बायको गौरी सचिव होती, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि पोहेही तीच आणायची. ती स्वतः दुसऱ्या एका प्रयोगशाळेत निर्वात यंत्रणांवर काम करत होती. कुठल्या सांध्यातून किती हवा आत शिरते, हे मोजण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. समितीला हे ठाऊक होतं, पण ते विषयपत्रिकेत नव्हतं.

गाडीचं नाव ठरवायला दोन बैठका लागल्या. 'मकर-१' ठरलं. मकर-२चा कोणाच्या मनात विचार नव्हता, पण आकडा लावल्याशिवाय प्रकल्प वाटत नाही, असं उमाकांतांचं मत पडलं. मग थोराड टायर आले, इंजिनाला पाण्याच्या वरून हवा मिळावी म्हणून धुराड्यासारखी नळी आली, रुतलेली गाडी ओढून काढायला पुढे विंच आली, टपावर सहा दिवे आले. देवनहळ्ळीच्या ज्या चिखलातल्या जीप-स्पर्धेसाठी हे सगळं होतं ती भर दिवसा होती, तरी दिव्यांना कोणी हरकत घेतली नाही. प्रत्येक नट तपासून झाल्याची पिवळी खूण झाली. दर शनिवारी सुहास गाडीला शाम्पूने न्हाऊ घालायचा आणि त्या दिवशी घरात स्वतःच्या अंघोळीला उशीर करायचा.

शेजारी कोण बसणार, यावर मात्र चर्चा झाली नाही. सुहासने सगळ्यांच्या वजनांचा तक्ता केला. गौरी बावन्न किलो. विषय संपला.

"तू फक्त बसायचंस," तो म्हणाला. "नकाशा धरायचा, आणि मी ओरडलो की दांडी धरायची."

"आणि गाडी कधी धरायची?"

सुहास हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "बरं. देवनहळ्ळीला दोन फेऱ्या आहेत. पहिली गाडीने धड पार पाडली, तर दुसरी तू चालव. शब्द दिला."

एकोणिसाव्या वर्षी गौरीने वडिलांची जीप आंबोलीच्या घाटातून वर नेली होती. लग्नानंतर वाट्याला आली ती क्लच नसलेली छोटी गाडी, तीही भाजी आणण्यापुरती. तिला ती दुसरी फेरी हवी होती. इतकी हवी होती, की तिने ते कोणाजवळ बोलूनही दाखवलं नाही.

सतराव्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला. वाटेत कंबरभर पाण्याचा खड्डा होता.

"पाणी हा शत्रू," उमाकांत म्हणाले. "जिथे भोक, तिथे बूच."

पुढच्या आणि मागच्या अॅक्सलवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या तेलभरल्या आसावर, हवा ये-जा करायला बोटाएवढी तोटी असते. तिला ब्रीदर म्हणतात. समितीने दोन्ही तोट्यांना रबरी बुचं ठोकून वर पट्ट्या आवळायचं ठरवलं.

"सर, ते बंद केलंत तर पाणी आत येईल," गौरी म्हणाली.

"बंद केलं तर येईल?" उमाकांतांनी सभासदांकडे पाहिलं. सभासद हसले.

"आतलं तेल तापतं. हवा फुगते आणि टोकाच्या रबरी सीलच्या ओठांतून थोडी बाहेर निसटते. मग तापलेला अॅक्सल गार पाण्यात बुडतो. उरलेली हवा आकसते, आत ओढ बसते. ब्रीदर उघडा असेल तर तिथून हवा येईल. नसेल तर सीलला लागून जे असेल ते येईल. तिथे पाणी असणार."

"वहिनी, सत्त्याऐंशी साली आम्ही एक उपकरण असंच बंद केलं होतं. आजतागायत आत एक थेंब गेलेला नाही."

"ते अजून कपाटातच आहे ना, सर?" एका सभासदाने भाबडेपणाने विचारलं.

"पोहे घ्या," उमाकांत म्हणाले.

गौरीने इतिवृत्तात लिहिलं: 'सचिवांनी ब्रीदरविषयी मत मांडले. नोंद घेतली.' उमाकांतांनी खाली सही केली. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सही करण्याआधी काही वाचलेलं नव्हतं, आणि आता सुरुवात करायचं काही कारण नव्हतं. बुचं बसली. बॉनेटवर कागद चिकटला: 'तपासणी पूर्ण. हात लावू नये.' समोरच्या इमारतीतल्या कृष्णमूर्तींनी त्यांच्या जीपसाठी समितीच्या कागदांची प्रत मागून नेली. उमाकांत दोन दिवस खुशीत होते.

त्याच आठवड्यात गौरी सील आणायला चामराजपेटला गेली. तिथे संतोषकुमारचं सुट्या भागांचं दुकान होतं. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूचं, पण घरात मराठीच.

"ब्रीदरला बूच?" त्याने हातातला चहा खाली ठेवला. "कोण लावलं, अक्का?"

"मोठे इंजिनियर आहेत."

"तेच म्हटलं. आमच्यासारख्याला एवढं सुचत नाही." त्याने रबरी नळीचे दोन तुकडे कापून दिले. "बुचं काढून ही लावा, तोंड बॉनेटच्या वर घ्या. त्यालाबी स्वल्प श्वास पाहिजे ना."

नळ्या गौरीच्या पर्समध्ये राहिल्या. गाडीजवळ रोज कोणी ना कोणी सभासद कागद राखत उभा असायचा.

संधी मिळाली ती थेट देवनहळ्ळीला, स्पर्धेच्या सकाळी. पुढेमागे जिथे बंगले उठणार होते त्या माळावर अकरा जीपा उभ्या होत्या. समितीने पूजा मांडली. चार चाकांखाली चार लिंबं, समोर कोहळा, बॉनेटवर कापूर. सगळ्यांनी डोळे मिटले. समितीने गाडी इतकी उंच करून ठेवली होती, की खाली बसून पोळ्या लाटता आल्या असत्या. गौरी पाठीवर आडवी होऊन आत सरकली. मधलं कडवं राहिलं म्हणून उमाकांतांनी आरती पहिल्यापासून घ्यायला लावली, तेवढ्यात दोन्ही बुचं निघाली, नळ्या बसल्या आणि वर बांधूनही झाल्या.

उमाकांतांनी डोळे उघडले तेव्हा गाडीखालून गौरीचे पाय दिसत होते.

"बघा, वहिनींचा साष्टांग नमस्कार!" ते गहिवरून म्हणाले. "एवढ्या शास्त्रज्ञ, पण श्रद्धा बघा."

साष्टांग नमस्कार उताणं पडून घालत नाहीत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पहिली फेरी सुहासने ओरडत पार पाडली. डावीकडे जाताना तो 'उजवीकडे' ओरडला, उजवीकडे जाताना देवाचं नाव घेतलं. पाण्यात त्याने डोळे मिटले, ते गौरीने पाहिलं. सातवा नंबर आला. तो खाली उतरला तो जणू त्यानेच जीप उचलून पार नेली होती.

तेवढ्यात कृष्णमूर्ती आले. हातात काचेचा ग्लास.

"सार, तुमच्या कागदाप्रमाणे सगळं केलं. बुचंसुद्धा. हे बघा."

मागच्या अॅक्सलमधलं तेल होतं. पाणी मिसळून त्याचा रंग थेट फिल्टर कॉफीचा झाला होता.

"रबर हलकं वापरलं असेल," उमाकांत म्हणाले. "आमचं उघडून दाखवा रे."

सुहासने मकर-१च्या मागच्या अॅक्सलचा नट काढून आत बोट बुडवलं. तेल मधासारखं नितळ होतं. सभासदांनी टाळ्या वाजवल्या.

"याला म्हणतात बंदोबस्त!" उमाकांतांनी कृष्णमूर्तींच्या खांद्यावर थोपटलं.

दुसऱ्या फेरीचा पुकारा झाला. गौरी हेल्मेट घालून चालकाच्या दाराशी गेली. सुहास तिथे आधीच उभा होता.

"गौरी, ऐक ना. गाडी आत्ता कुठे हाताला बसलीय. पुढच्या वर्षी नक्की."

"ऐन टप्प्यावर चालक बदलत नाहीत, वहिनी," उमाकांत म्हणाले.

"सरी," गौरी म्हणाली. 'ठीक आहे'चा हा कन्नड शब्द ती एरवी भाजीवाल्याशी घासाघीस संपवताना वापरायची. तिने खिशातून दोन रबरी बुचं काढली आणि बॉनेटवरच्या कापराच्या काळ्या डागाशेजारी ठेवली. "मग ही परत लावते. सकाळी आरती चालू असताना काढली होती, समितीची मंजुरी नसताना. माझी चूक झाली. दोन मिनिटांचं काम आहे."

कृष्णमूर्तींनी बुचांकडे पाहिलं, मग हातातल्या ग्लासकडे, मग उमाकांतांकडे. "म्हणजे तुमच्या गाडीला ही नव्हतीच?"

सभासदांनी मघाशी टाळ्या वाजवलेले हात पाठीमागे नेले.

"अॅक्सल चांगला तापलाय," गौरी सुहासला म्हणाली. "पाणी गार आहे. लावू?"

सुहासने उमाकांतांकडे पाहिलं. उमाकांत विमानतळावरून उठलेलं एक विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

"नियमावलीत," शेवटी ते म्हणाले, "चालक बदलायला तशी आडकाठी नाही. असं माझं वाचन आहे."

नियमावलीही त्यांनी वाचलेली नव्हती. सुहास वळसा घालून पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. अठ्ठ्याऐंशी किलो. तक्त्याची आठवण कोणी काढली नाही.

गौरीने टायरमधली हवा थोडी कमी केली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला आणि गाडी सोडली. चढावर ती घाईत नव्हती. पाणी बॉनेटला भिडलं तेव्हा सुहासने विचारलं, "नळी निसटणार नाही ना?" लग्नाच्या एकवीस वर्षांत त्याने तिला विचारलेला हा पहिला तांत्रिक प्रश्न.

"नकाशा धर," ती म्हणाली.

चौथा नंबर आला.

रविवारी विसावी बैठक भरली. पोहे नव्हते. उमाकांत मागे टेकून सांगू लागले, "लिहा. ब्रीदर उघडा ठेवण्याची सूचना अध्यक्षांनी वेळीच केली व ती फलदायी ठरली."

गौरीने शब्दाला शब्द लिहून घेतलं. त्याच्याखाली, त्याच सुबक अक्षरात, कोणी न सांगता एक ओळ घातली: 'यापुढील सर्व स्पर्धांत मकर-१ची चालक: गौरी. सहचालक: सुहास.' मग वही पुढे सरकवून पेनाचं टोपण काढून दिलं.

उमाकांतांनी सही केली.