वॉचमनची खुर्ची

सुकापूरच्या आमच्या सोसायटीत आनंदा आला तेव्हा तो वॉचमन होता आणि त्याला खुर्ची होती. पुढे कमिटीला वॉचमन हा शब्द कमीपणाचा वाटू लागला. रीतसर ठराव करून त्याला सिक्युरिटी गार्ड केलं. गार्ड बसलेला बरा दिसत नाही, म्हणून खुर्ची क्लबहाउसमध्ये गेली. यंदा तो गेस्ट रिलेशन्स एक्झिक्युटिव्ह झाला. पगार तोच राहिला. गुडघे तेवढे बदलले.

असंच बारा-बारा तास उभा राहिलास तर सहा महिन्यांत नोकरी सोडावी लागेल, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं. तो रविवारच्या मीटिंगला दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, खुर्ची पायजे. गुडगं काय साथ देत नाय."

सेक्रेटरी भाविका म्हणाली, "काका, तुमचा इश्यू समजतो आम्हाला."

"आदी तुमी प्रॉब्लेम बोलायच्या."

"प्रॉब्लेम फार निगेटिव्ह वाटतं ना."

"दुकतंय पन तेवडंच."

चेअरमन सत्यजीत सरांनी लॅपटॉपमधून मान न काढता विचारलं, "एक्झिक्युटिव्ह बसलेला दिसला तर पाहुण्यांना काय वाटेल?"

"मंग मना परत वॉचमन करा. वॉचमनला खुर्ची व्हती."

एका माणसाला पुन्हा वॉचमन म्हणायचं, हे आमच्यापैकी कुणालाच सोसवेना. शेवटी विषय बाजूला पार्क करण्यात आला. आमच्याकडे हल्ली कुठलाही विषय फेटाळत नाहीत.

आठवडाभर आनंदा गेटवर आमची फोनवरची बोलणी कान देऊन ऐकत उभा होता. पुढच्या रविवारी तो कागद घेऊन आला. अक्षर तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या तूबाचं, मजकूर त्याचा: 'गेस्ट टचपॉइंटसाठी अर्गोनॉमिक सपोर्ट सिस्टीम, नग एक.'

सत्यजीत सरांनी मान वर केली. "हे बरोबर आहे. कुणाची आयडिया?"

"आमच्या डिपार्टमेंटची," आनंदा म्हणाला.

ठराव एकमताने मंजूर झाला. पाठ टेकायची जागा जाळीची असावी, अशी सूचना मीच केली.

गुरुवारी सिस्टीम आली. चार पाय नव्हते, पाच चाकं होती. आनंदाने ती गेटच्या आत सावलीत ओढली, गुडघे सरळ केले आणि पाठ टेकली. तेवढ्यात सत्यजीत सरांची गाडी आत आली. काच खाली झाली.

"काका, बसलात?"

"नाय सर. सपोर्ट घेतोय."

सर समाधानाने मान हलवून पार्किंगकडे गेले.