फळीवरचा करकोचा

"शेत मोडलंत की तिकडे कुणी फिरकायचं नाही. तिथे राहणारे काका पडले तर कावळ्याला कळेल, तुम्हाला नाही," असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आमच्या घरात काळजीचं खातं माझ्याकडे आहे. लेक शिंकली तरी मी थर्मामीटर शोधते. त्यामुळे दुसऱ्या कुणी काळजी केली की मला ती उगाचच वाटते.

मी विद्यापीठाच्या जमीन विभागात काम करते. विद्यापीठ म्हटलं की लोकांना वर्ग आणि वाचनालय दिसतं. आमच्याकडे शेतंही आहेत, कुणीकुणी देणगीत दिलेली आणि पुढे खंडाने कसायला दिलेली. त्यातलं नदीकाठचं सखल शेत आम्ही परत घेतलं. तिथली माती काळी, कुजलेल्या पानामुळांची. पूर्वी चर खणून ती वाळवली होती, आणि अशी माती वाळली की तिच्या पोटातला कार्बन हवेत जातो. म्हणून आम्ही चरांत फळ्या बसवून पाणी अडवलं. गवत वाढलं, बेडूक आले, त्यांच्यामागून पक्षी आले. निर्णय बरोबर होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

ते शेत कसणारे काका एकटेच. घर त्यांच्याकडेच राहू दिलं. "कणसं मोजायचो, आता बेडूक मोजतो," म्हणून त्यांनी आम्हाला टोमणा मारला, पण रोज सकाळी टोपी घालून फळ्या बघायला जाऊ लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

मोठ्या फळीपाशी आमचा कॅमेरा आहे. त्याचे फोटो ऑफिसात येतात आणि कॉम्प्युटर त्यातले पक्षी-प्राणी वेगळे काढतो. माणूस दिसला की तो फोटो एका बाजूच्या फोल्डरमध्ये जातो. आमचे विभागप्रमुख त्याला कचरा म्हणायचे. (लांब मान आणि पक्ष्यांचं वेड, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना बगळेसर म्हणतो.) तो कचरा उघडणारी मी एकटीच. एकदा लेकीला तिकडे नेलं होतं आणि आई यातून बघते, असं सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून काका रोज कॅमेऱ्यापुढे थांबून टोपी काढायचे. घरी गेल्या गेल्या लेकीचा पहिला प्रश्न, टोपीआजोबा आले का? ऑफिसात माझी चेष्टा ठरलेली: ही पाळणाघराच्या कॅमेऱ्यावरून उठते ती काकांच्या कॅमेऱ्यावर बसते.

त्या दिवशी सकाळी बगळेसरांनी सगळ्यांना हाका मारून बोलावलं. स्क्रीनवर करकोच्यांची जोडी, थेट मोठ्या फळीवर, पंख साफ करत निवांत उभी. इतका बुजरा पक्षी, आणि आपल्या पाण्यात! सरांनी चहा मागवला. मलाही आनंद झाला. मग फोटोची वेळ पाहिली. ही तर काकांची वेळ. मी कचरा उघडला. रिकामा.

"सर, आज काका आले नाहीत."

"म्हणून तर करकोचे आले," सर खुशीत म्हणाले. आणि मग आपलंच वाक्य त्यांना ऐकू आलं. त्यांनी कप खाली ठेवला.

काका फोन उचलेनात. आम्ही गाडी काढली, पण ट्रॅक्टरची जुनी वाट गवताने गिळली होती. शेवटचा तुकडा चिखल तुडवत गेलो. सरांचा एक बूट तिथेच राहिला. काका परसदारी पडले होते, मांडीचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर. पूर्वी एक हाक मारली असती तर वाटेवरचं कुणीतरी धावलं असतं.

"हाका मारल्या," ते म्हणाले. "बेडकांनी ओ दिली." जरा दम घेऊन मला विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

"फळीवर करकोचे आले, काका."

"म्हणजे मेल्यांना माझीच अडचण होती."

स्ट्रेचरवरसुद्धा त्यांनी टोपी मागून घेतली. आता ते काठी टेकत फळीपर्यंत जातात, करकोचेही येतात, दोघांनी वेळा वाटून घेतल्या आहेत. त्या फोल्डरचं नाव आम्ही 'माणसं' ठेवलंय, आणि तो सकाळी रिकामा राहिला की सगळ्या विभागाचे फोन वाजतात. घरापर्यंतच्या वाटेवरचं गवत सर स्वतः लक्ष घालून कापून घेतात. दुसरं शेत पाण्याखाली घ्यायचं ठरलं, तेव्हा बैठकीत मी सगळ्यांच्या आधी विचारलं की तिथे मागे कोण राहणार आणि त्यांच्या दारावरून कोण जाणार. कुणी हसलं नाही.

सासूबाईंना सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "कावळा म्हटलं होतं, करकोचा निघाला. तेवढाच अंदाज चुकला."

तुमच्याही माहितीत अशी एखादी जागा असेल, जिथून वर्दळ उठली आणि एकच घर मागे राहिलं. कदाचित चांगल्याच कामासाठी उठली असेल. वाचताना कुणाचा तरी चेहरा डोळ्यांपुढे आलाच असेल. फोनवर भागवू नका. आज जाऊन त्यांचं दार वाजवा.