एका गाईपुरतं औषध

मी वत्सलाबाई, आमच्या बायांच्या दूध संस्थेची चेअरमन. तोंडानं फटकळ हाय हे आधीच सांगते, म्हंजी मागून कुणी नाक मुरडायला नको.

त्या साली पाऊस पडलाच न्हाई. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला, तवा आमी सगळ्या जणींनी गाई एका छावणीत आणून बांधल्या. आमच्या संस्थेचा एक रिवाज हाय. जे येईल ते सारखं वाटायचं. पेंडीचं पोतं असो, उसाचं वाढं असो का टँकरचं पाणी, चेअरमनच्या गाईला जेवढं तेवढंच बाकीच्या गाईंना. ह्या रिवाजावरच आमची संस्था टिकली. न्हाईतर आमच्या डोळ्यांदेखत किती संस्था आल्या आन् गेल्या.

वैशाखात दोन गाई एकदमच आजारी पडल्या. एक मपली पवळी आन् दुसरी छबुबाईची. अंग नुसतं भाजत होतं, मानेखाली गाठी आलेल्या, चाऱ्याला तोंड लावंनात. गुरांचे डॉक्टर म्हणले, गोचीड ताप हाय. गोचीड चावली की तिच्या तोंडातून एक बारीक जंतू रक्तात जातो, त्याचा हा ताप. सगळ्या छावण्यांत हीच साथ, त्यामुळं औषधाची एकच बाटली मिळाली, ती बी एका गाईपुरती. कुणाच्या गाईला टोचू, असं डॉक्टरांनी इचारलं. आमी बाया एका तोंडानं म्हणलो, अर्धं अर्धं टोचा. ते न्हाई न्हाई म्हणत होते, पण आमच्यापुढं त्यांचं काय चालतंय? औषध वाटलं आन् आमाला लई बरं वाटलं. ताप जरासा उतरला, मग पुन्हा चढला, दोघींचा बी.

छबूचं सांगायचंच राहिलं. ती आन् तिचा नवरा शहादेव दर दसऱ्याला पोरीला संगं घेऊन ऊस तोडायला जायचे. पोरीचं अर्धं वरीस फडातच जायचं, पाटी-दप्तर घरी खुंटीला. संस्थेतून गाय मिळाली आन् त्याआधीच्या दसऱ्याला छबू पहिल्यांदा घरी राहिली. शहादेव गावातच मिळंल ते काम करायला लागला, पोरगी शाळेत बसली. आता गाय गेली की पुन्हा हातात कोयता, हे सगळ्यांना दिसत होतं. माझं काय, विहीर हाय, दोन पोरं नोकरीला हायेत. पण पवळीला मी वासरापासून वाढवलेली. दुसऱ्या कुणाला कासंला हात लावू द्यायची न्हाई ती. तिला तसं पडलेलं बघून मी रातभर तिच्यापाशीच बसून राहायची.

मपली भाची मनकर्णा पुण्यात असल्याच जंतूंचा अभ्यास करती. नाव माझ्या आईचं, पण कामं आईला सपनात बी दिसली नसती. तिला फोन केला आन् रडले. पोरगी मिळंल त्या गाडीनं आली, संगं एक बाटली घेऊन. सगळं पुणं पालथं घातलं तरी एकच मिळाली म्हणाली.

डॉक्टरांना बोलावून घेतलं आन् मी म्हणलं, बरं झालं, आता पुन्हा अर्धी अर्धी टोचू. तर तिनं कपाळाला हात लावला. गव्हाणीच्या कडंला बसून तिनं आमाला समजावलं. त्या जंतूच्या पोटात म्हणं एक गिरणी असती, त्याला ताकद पुरवणारी. त्या गिरणीतले काही भाग बाहेरून येत न्हाईत, गिरणी ते आपल्या आपणच बनवती. भाग म्हंजी प्रथिनं. हे औषध त्यातल्याच एका प्रथिनात जाऊन अडकतं आन् गिरणी बंद पाडतं. मनकर्णा दिवसभर हेच बघती, ही प्रथिनं तिथं बनत्यात कशी.

"आत्या, अर्ध्या औषधानं दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात," ती म्हणाली. "उरलेल्यांत ते प्रथिन जरा जरी वेगळं बनलं, तर औषधाला अडकायला जागाच राहत न्हाई. पेंड वाटा, पाणी वाटा. हे वाटू नका. एकाच गाईला सगळं द्या, तेबी आजच."

सगळ्या बाया माझ्याकडं न् छबूकडं बघायला लागल्या. मला मनातून पवळीच पायजे होती, खोटं कावून बोलू? छबूनं हात पसरला असता तर मी भांडले असते. तोंडाला तोंड लागलं असतं आन् बाटली घेऊन मी सरळ पवळीकडं गेले असते. तर ही बाई डोक्यावरचा पदर सारखा करीत म्हणती कशी, "अक्का, तुमच्या भाचीनं तुमच्यासाठी आणलीय. तुमच्याच गाईला टोचा."

असा राग आला मला तिचा! भांडायची सोयच ठेवली न्हाई हिनं. मी डॉक्टरांकडं वळले आन् म्हणलं, "छबूच्या गाईला टोचा. सगळी."

पवळी गेली. मी गळा काढून रडले, चेअरमन असून. मनकर्णानं पवळीचं रक्त काचेच्या नळीत भरून पुण्याला नेलं. त्यातल्या जंतूंचं ते प्रथिन बदललंय का, ते तपासायचं होतं तिला. आपल्या पवळीसाठी तिथं एवढी शिकलेली माणसं बसल्यात म्हणल्यावर माझा जीव जरा खाली पडला. संस्थेच्या बैठकीत आमी नवा ठराव केला, सगळं वाटायचं, फक्त औषध न्हाई.

छबूची गाय महिनाभर हाडकुळीच होती. मग पाऊस झाला, बांधाला गवत आलं, आन् पोळ्याच्या सुमाराला ती दोन्ही येळंला दूध द्यायला लागली. मी आता बिनगाईची चेअरमन. पण सकाळी संस्थेत माप घेऊन बसले की जिवाला बरं वाटतं, हे खरंय.

दसरा झाला. ऊसतोडीची गाडी संस्थेच्या दारासमोर येऊन थांबली. वर भांडी, गोधड्या, लेकरं. टोळी घेऊन जाणाऱ्या बबनराव मुकादमानं खाली उतरून दुधाच्या रांगेतल्या छबूला इचारलं, शहादेव न् तू येताव का न्हाई, दोन माणसांची जागा ठेवलीय.

छबूनं मागं वळून बी बघितलं न्हाई. कॅन माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "मला दूध घालायचंय, मुकादम."

मी तिचं दूध मापात ओतलं.