सुट्टीत दाखवायची दुखणी

कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलेला असे. वर्षभरातली दुखणी त्यावर टिपायची आणि सुट्टीत मायदेशी गेलं की पहिल्याच दिवशी डॉक्टरकाकांपुढे ठेवायची, अशी त्या नवराबायकोची अकरा वर्षांची पद्धत होती. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा, ती एका लाँड्रीत इस्त्रीवर होती.

डॉक्टरकाका तिच्या माहेरच्या गल्लीतले. यादी वाचता वाचता ते निम्म्या ओळींवर काट मारत, हे वयाचं, हे तुमच्या भांडणांचं, असं म्हणत आणि उरलेल्याला औषध देत. कागद-फायलींचं त्यांना वावडं, सगळं डोक्यात. लग्न झालं तेव्हा त्यांनी जावईबापूंना बाजूला घेऊन बजावलं होतं, की ही ‘थोडं’ दुखतं म्हणाली की तिप्पट धरायचं. लहानपणी मोडलेला हात घेऊन ही दोन दिवस शाळेत गेली होती.

परक्या मुलखातल्या त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक दवाखाना होता. डॉक्टरीणबाई एकच, आणि येणारी घरंही ठरलेली. तिथं नाव घालून ठेव, असं कामावरचा मुकादम त्याला पहिल्याच वर्षी म्हणाला होता. वर्षा-दोन वर्षांचा तर प्रश्न, उगाच कशाला, असं त्यानं उत्तर दिलं. अकराव्या वर्षीही तेच दिलं, तेव्हा मुकादम नुसता हसला. तिथं नाव घालणं म्हणजे आता इथलेच झालो असं कबूल करणं, असं काहीसं त्याच्या मनात असावं. त्यानं ते कधी नीट तपासून पाहिलं नव्हतं.

या वर्षी एका उंच इमारतीचं काम निघालं आणि सुट्टी सहा महिने पुढे गेली. यादीत तिच्या अक्षरात एक ओळ होती : ‘जेवल्यावर उजव्या बरगडीखाली, थोडं.’ त्यानं ती वाचली, मनात तिप्पट केली आणि तिला बाजारातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं नंबर लागेल तो डॉक्टर. पहिल्यानं पित्त म्हणून गोळ्या दिल्या. महिन्यानं दुसरा भेटला, तो म्हणाला, इस्त्री ओढून स्नायू दुखावलाय. तिसऱ्या खेपेला तिसराच. दर वेळी गाडी पुन्हा पहिल्यापासून, आणि दर वेळी तिचं ‘थोडं’. हिचं थोडं म्हणजे तिप्पट असतं, हे त्यानं तिसऱ्या डॉक्टरला मोडक्यातोडक्या भाषेत समजावून पाहिलं. तो मुलगा भला होता. त्यानं हसून मान डोलावली आणि कॉम्प्युटरवर ‘थोडं’ असंच लिहिलं.

मंगळवारी सकाळी लाँड्रीतून फोन आला, की ती इस्त्रीच्या टेबलाशी खाली बसली आहे. ती बसली, एवढं ऐकूनच तो हातातलं काम टाकून निघाला.

दुपारी इस्पितळात सर्जननं सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत, पू झालाय, ऑपरेशन आजच. मागोमाग भूल देणाऱ्या डॉक्टरबाई फॉर्म घेऊन आल्या. आधी कधी ऑपरेशन झालंय का?

झालं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, माहेरी, अपेंडिक्सचं. तेव्हा टेबलावर ती निळी पडली होती, श्वास थांबला होता. कुठलं तरी इंजेक्शन तिला सोसलं नव्हतं. डॉक्टरकाका तिथंच उभे होते म्हणून निभावलं. नंतर त्यांनी दोघांना सांगितलं होतं, तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका, माझ्या ध्यानात आहे. म्हणून दोघांनी तो करून घेतला नव्हता, औषधाचं नावही विचारलं नव्हतं.

भुलीचं औषध होतं, की पू होऊ नये म्हणून देतात ते, असं बाईंनी विचारलं. आमच्या डॉक्टरांना माहीत आहे, असं तो म्हणाला. मग विचारा त्यांना, त्या म्हणाल्या, अर्धा तास आहे.

फोन काकांच्या सूनबाईंनी घेतला. त्या म्हणाल्या, की दवाखाना बंद करून चार महिने झाले, बाबांना हल्ली काही आठवत नाही, बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. आज त्यातल्या त्यात बरे आहेत, बोलून बघा.

“काका, मी मास्तरांचा धाकटा जावई. लिफ्टवाला.”

“अरे वा. मास्तर कसे आहेत?”

मास्तरांना, तिच्या वडिलांना, जाऊन सात वर्षं झाली होती. मृत्यूच्या दाखल्यावर सही काकांचीच होती.

“बरे आहेत,” तो म्हणाला. “काका, त्यांच्या धाकटीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं ना, त्यात ती निळी पडली होती. कुठल्या औषधानं?”

“ताप आहे का?” काकांनी विचारलं.

“आहे.”

“जीभ?”

“कोरडी आहे.”

“उलटी किती वेळा झाली?”

आवाज तोच होता, टेबलापलीकडून यायचा तसा. सापडतंय, असं त्याला वाटलं. त्यानं फोन कानाला घट्ट दाबला.

“चारदा. काका, ती निळी कशानं पडली होती?”

“कोण?” काकांनी विचारलं. आणि मग अगदी मायेनं म्हणाले, “काळजी करू नका. संध्याकाळी घेऊन या तिला. सहानंतर गर्दी नसते.”

त्यानं बाईंना ‘माहीत नाही’ असं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. ज्यांचा संशय येतो ती सगळीच औषधं टाळू, त्या म्हणाल्या, पण मग हाताशी फार थोडी उरतात, आणि उरलेल्यांतलंच एखादं ते असेल तर आम्हाला टेबलावरच कळेल. थांबण्यात धोका जास्त आहे. सही कुठं करायची ते त्यांनी बोटानं दाखवलं. त्यानं केली.

ट्रॉली हलली तसा तो बाजूनं चालू लागला.

“अहो, लागला का फोन?” तिनं विचारलं. “काय म्हणाले काका?”

“संध्याकाळी घेऊन या म्हणाले.”

“मग एवढं काही नसणार,” ती म्हणाली, आणि घट्ट धरलेला त्याचा हात तिनं सोडला.