मुकुलचा संकासूर

खरं सांगतो, मुकुलचं नाव ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. लपवायचं कशाला?

मी भिवा. केळशीच्या अलीकडे आमचं गाव. मासे मारतो, आणि अठ्ठावीस वर्षं गावच्या शिमग्यात संकासूर नाचलो. काळा झगा, काळा मुखवटा, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरं. दोन वर्षांमागं गुडघा कुरकुरायला लागला, म्हणून मुकुलला शिकवलं. आंबेवाल्या अण्णांचा हा मुलगा. जाळं कधी हातात धरलं नाही, पण पाय हलका. शिकवलं मी आणि नाव झालं त्याचं! "भिवाकाकांपेक्षा मुकुलचा संकासूर भारी," हे लोक माझ्या बायकोच्या टोपलीतली मासळी घेता घेता तिलाच सांगायचे.

त्यात सहाणेचं प्रकरण आलं. देवळासमोर शिमग्यात पालखी बसते तो चौथरा आणि त्याचं अंगण, ती आमची सहाण. किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांसाठी तिथं पार्किंग करायचं, असा ठराव आला. मी नाक्यावर ओरडलो, "देवाच्या अंगणात गाड्या लावणार? लाज कशी वाटत नाही?" कुणी ढुंकून पाहिलं नाही. मुकुलनं तेच कागदावर लिहिलं, घरोघर फिरून सह्या घेतल्या, मोबाइलवर व्हिडिओ टाकला, आणि झाला गावाचा लाडका. मी बोललो ते ओरडणं, तो बोलला ते भाषण!

ग्रामसभा सहाणेवरच घ्यायची ठरली. हात वर करून निकाल, आणि त्याआधी मुकुल संकासूर नाचून दाखवणार. शिमग्याबाहेर नाचायचं म्हणून देवाला कौल लावला, तोही लगेच मिळाला. म्हणजे देवसुद्धा त्याच्याच बाजूला.

"मी काही येणार नाही," मी बायकोला, हिराला, बजावलं.

"बसा मग जळत," म्हणाली आणि बायकांबरोबर पुढची जागा धरायला निघून गेली.

ती गेली आणि दहा मिनिटांत मुकुल मागच्या दारात. काठीवर टेकत, एका पायावर. सकाळी आंब्याच्या कलमावरून उतरताना पाय मुरगळला होता, घोटा सुजून टम्म. मला आनंद झाला. हो, झाला! आधी आनंद झाला, मग वाईट वाटलं.

"काका, मला उभंसुद्धा राहवत नाही. तुम्ही चला."

"आता आठवला होय रे काका?"

"हात जोडतो. सहाण जाईल हो."

देवळामागं वेष चढवला. आमच्यात नियम आहे. वेष चढला की संकासूर बोलत नाही, आत कोण आहे ते कुणी सांगत नाही, आणि मुखवटा उतरायचा तो देवळामागंच. सहाणेवर संकासुराचं तोंड कुणी बघायचं नाही. मुकुलच्या अर्जात पहिलं तेच लिहिलं होतं: ही नुसती मोकळी जागा नाही, इथला नियम पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोडलेला नाही.

मृदुंगावर थाप पडली आणि गुडघा गप्प झाला. असा मी उभ्या जन्मात नाचलो नव्हतो. म्हाताऱ्या माणसांनी उठून हात जोडले. आणि मग आरोळी उठली, "मुकुल! मुकुल!"

मुखवट्याच्या आत माझे कान तापले. सरपंचबाई माइकवर म्हणाल्या, "मुकुलनं आज जुन्या लोकांनाही मागं टाकलं!" टाळ्याच टाळ्या. जुने लोक म्हणजे कोण? मीच की!

हात आपोआप हनुवटीखालच्या गाठीवर गेला. एक ओढ, की कळेल सगळ्यांना कुणाचा नाच तो! गाठ अर्धी सुटली आणि सगळं अंगण चिडीचूप झालं.

किनाऱ्यावरचा हॉटेलवाला केतन, पार्किंग त्यालाच हवं होतं, तो ताडकन उठला. "काढ, काढ! नियम-बियम सगळी नाटकं आहेत, हेच सांगतोय मी कधीपासून!"

मेल्या केतन! माझा हात तिथंच थांबला. डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कसलं कोण जाणे. गाठ परत बांधली, करकचून. आणखी दोन गिरक्या घेतल्या. मग हात वर व्हायला लागले, आणि मोजायची गरजच उरली नाही. सहाण राहिली.

देवळामागं मुखवटा उतरवला तर मुकुल रडत बसलेला. "काका, मी आत्ता जाऊन सांगतो, तुम्ही होतात म्हणून."

"तोंड उघडलंस तर बघ! नियम तुला आहे, मला आहे. आणि रडतोस कशाला मेल्या, नाव तुझंच झालंय."

मी मागच्या वाटेनं घरी आलो, तोंड धुतलं आणि पाय पसरून पडवीत बसलो. थोड्या वेळानं हिरा आली. चेहरा नुसता फुललेला.

"वाचली हो सहाण! तुम्ही यायला हवं होतंत. काय नाचला पोर! जीव तोडून नाचला, नंतर देवळामागून लंगडत आला बिचारा."

"मीच शिकवलंय त्याला," मी म्हणालो.

"शिकवून येत नाही ते. तुम्हाला तरी कधी अशी गिरकी जमली होती का?"

गुडघा आता ठणकायला लागला होता.

"नाही गो," मी म्हणालो. "जरा तेल दे गुडघ्याला."

"इश्श!" हिरा म्हणाली. "दिवसभर घरात बसून कसला दुखतो हो गुडघा?"