गुबिनच्या घराचा सातबारा

आमच्या यजमानांचा, म्हणजे महादेवरावांचा, जगात कोणावरच विश्वास नाही. दूधवाला मोजून देतो, तो गेला की हे पुन्हा मोजतात. आमच्या मुलीची, प्रणालीची, तीन स्थळं त्यांनी अशीच घालवली. एकाचा काका म्हणे नको तितका गोड बोलत होता.

चौथा गजेंद्र. घर भातकुलीचं, नोकरी पोलंडमधल्या गुबिन नावाच्या छोट्या गावात, गोदामावर. प्रणालीला तो मनापासून आवडला होता. तिनं मला स्वच्छ सांगितलं, "आई, यालेबी बाबांनी नाई म्हटलं, तर मी पुन्हा कोणासमोर बसनार नाई."

आमच्याकडे मुलाची चौकशी त्याच्या गावी जाऊन करतात. न्हाव्याकडे बसायचं, पानठेल्यावर विषय काढायचा. भातकुलीत सगळं चांगलं निघालं. पण गुबिनला कोणाला धाडणार? म्हणून यजमान मोर्शीहून अवेळी व्हिडिओ कॉल लावू लागले.

एकदा गजेंद्रच्या मागे दुकान दिसलं.

"कुठी हाय तुमी?"

"जर्मनीत, काका. कांदे घ्याले आलो."

"काल त पोलंडात होते."

"नदीवरचा पूल वलांडला का जर्मनीच लागते."

फोन ठेवून हे म्हणाले, "कांद्यासाठी देश बदलते हा. काईतरी लफडं हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मावलं, "घर दाखवा." गजेंद्रनं खोली दाखवली, मोरी दाखवली, शेवटी घरमालकीण दाखवली. शहाऐंशी वर्षांची म्हातारी, पांढऱ्या केसांना पिन लावलेली. तिचं बोलणं तो आम्हाला मराठीत करून सांगत होता.

"सातबारा कोनाच्या नावावर हाय, इचारा तिले."

प्रणालीनं कपाळावर हात मारला. गजेंद्रनं मात्र कसंबसं विचारलं, आणि म्हातारी बोलायला लागली. पंचेचाळीस सालापर्यंत नदीच्या दोन्ही काठांवर मिळून एकच जर्मन शहर होतं. लढाई संपली, नदी सरहद्द झाली. या काठावरच्या जर्मनांना हाकललं. तिकडे पोलंडचा पूर्वेकडचा मुलूख रशियाकडे गेला, तिथली माणसं मालगाडीत भरून इकडे आणली. त्यात ती होती, सहा वर्षांची. या घरात आले तेव्हा आधीच्यांची ताटं अजून कपाटात होती.

"म्हंजे कब्जाच की," हे म्हणाले.

त्या भोळ्या पोरानं हेही सांगितलं तिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी रागावली नाही. म्हणाली, आम्हाला कोणी विचारून आणलं नव्हतं. आईला रोज वाटायचं, ते परत येतील आणि आपल्याला उठवतील. म्हणून तिनं सामानाची खोकी सोडलीच नाहीत.

यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. का, ते मला ठाऊक होतं. यांचं गाव धरणात गेलं तेव्हा हे बारा वर्षांचे होते. पुनर्वसनाच्या घरी मी लग्न होऊन आले, तरी सासूबाईंची भांडी पोत्यात बांधलेलीच होती. साहेब येईल, पुन्हा उठवील, म्हणायच्या. इतकी वर्षं मी यांच्या संशयाची थट्टा केली. तो कुठून आला ते कधी मनावर घेतलं नाही, याची मला त्या दुपारी लाज वाटली.

"मंग कधी सोडले तिच्या मायनं खोके?" यांनी हळूच विचारलं.

कधीच नाही, म्हातारी म्हणाली. मला मागणी आली की आई म्हणायची, आधी आपलं इथं नक्की होऊ दे, मग पाहू. एक मुलगा चार वर्षं थांबला होता. चांगला होता. मग तो गेला, आणि माझं राहूनच गेलं.

यांनी प्रणालीकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती. सत्तावीस संपलं तिचं.

"गजेंद्र," हे म्हणाले, "तुमच्या बाबाले सांगा, रविवारी या. साक्षगंधाची तारीख काढू."

प्रणाली उठून आत गेली आणि दार लावून रडली. फोन बंद झाला होता, तरी हे तो हातात धरून बसले होते.

"भेव लागते व मले," ते म्हणाले. "अजूनबी लागून राहिलं."