पाहुण्यांपुढची भाषा

विद्यापीठाच्या समित्या रत्नागिरीला शक्यतो पाऊस सरल्यावर येतात. तोवर होड्या पुन्हा समुद्रावर जायला लागलेल्या असतात आणि ताटात सुरमई पडते. या समितीत मात्र दोनच माणसं होती, आणि त्यातले मोठे, डॉक्टर हर्षद, शाकाहारी निघाले.

सत्यवती कॉलेजात मराठी शिकवायची. माहेर बंदराला लागून असलेल्या खालच्या वाडीत, आणि वडील म्हणजे दाजी, जन्मभर होडीवरच्या खलाशांचे म्होरके, तांडेल. गेली काही वर्षं तिने एकच ध्यास घेतला होता. वाडीची बोली बी.ए.च्या वर्गात शिकवली जावी, तिचा स्वतंत्र पेपर असावा. स्टाफरूममधले लोक चहाचा घोट घेत विचारायचे, ‘‘बोलीला कसला आलाय पेपर?’’ विचारणाऱ्यांतले निम्मे कोकणातलेच होते, याचीच तिला जास्त चीड यायची.

विद्यापीठाला पाठवलेला प्रस्ताव एकदा परत आला तेव्हा तिने पुन्हा लिहिताना बर्बर भाषेचा दाखला घातला. उत्तर आफ्रिकेतल्या डोंगरांतली ही भाषा कितीतरी काळ घरात आणि बाजारातच बोलली गेली. तिच्या लोकांनी हट्ट धरला, झगडले, आणि आता तिथल्या विद्यापीठांत त्या भाषेत पदवी घेता येते. मग आमच्या बोलीने काय घोडं मारलंय? हे वाचून विद्यापीठ जरा हललं. समितीने कळवलं, बोली आज जिवंत आहे एवढं दाखवा, पेपर मंजूर करू.

एवढंच दाखवायचं होतं. वाडीतली चिमाकाकू बाजारात मासळी विकायला बसली की तिची बोली पार एसटी स्टँडपर्यंत जिवंत असायची. सत्यवतीने दाजींना फोन केला, ‘‘साहेब लोक आपली भाषा ऐकायला येतायत. काही वेगळं करू नका. नेहमी बोलता तसंच बोला.’’

‘‘बरां बरां,’’ दाजी म्हणाले.

आता कोकणात ‘काही वेगळं करू नका’ असं पाहुणा म्हणतोच, आणि ते कुणी मनावर घेत नाही. करू नका म्हणणाऱ्यासाठी तर हटकून वडेच तळले जातात. हे सत्यवतीला ठाऊक होतं. बोलण्याच्या बाबतीतही तसंच होईल, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

समिती वाडीत आली तेव्हा अंगण झाडून खुर्च्या मांडल्या होत्या. दाजी इस्त्रीचा सदरा घालून पुढे झाले.

‘‘आमच्या घरी आपले स्वागत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मी पूर्वी नौकेवर कार्यरत होतो.’’

सत्यवतीला वाटलं, एवढं वाक्य पाठ केलं असेल, पुढे गाडी रुळावर येईल. पण चिमाकाकू हात जोडून म्हणाली, ‘‘यंदा मासळीला समाधानकारक भाव मिळत आहे.’’ मागून दाजींच्या होडीवरच्या केरूने वाऱ्याची दिशा सांगितली, तीही आकाशवाणीवरच्यासारखी. डॉक्टर हर्षद रेकॉर्डर पुढे धरून बसले होते. त्यांनी तो हळूच बंद केला.

सत्यवती चिमाकाकूकडे वळली. ‘‘काकू, बाजारात कशी बोलतंस, तशी बोल गो.’’

दाजींनी डोळे वटारले. चिमाकाकू गोड हसली. ‘‘बाजारामध्येही आम्ही असेच बोलतो.’’

मग चहा झाला, फोटो झाले. गाडीकडे जाताना डॉक्टर हर्षद समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे लोक पुढे गेले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बर्बर बोलणारे अजून ती बोलतात हो.’’

‘‘हेही बोलतात, सर. आपण गेलो की बोलतील. पाहुण्यांपुढे घरचं बोलणं काढायचं नाही, अशी पद्धतच आहे इथे. फाटक्या बनियनवर कुणी पाहुण्यांपुढे येत नाही, तसं.’’

ते थांबले. माणूस वाईट नव्हता, ते खरंच विचारात पडले. ‘‘मग ज्यांना ती फाटकी वाटते, ते आपली पोरं ती शिकायला धाडतील? वर्गात कोण बसेल?’’

सत्यवतीने गाडीचं दार लावून दिलं. गाडी हातखंब्याच्या रस्त्याला लागली. अहवालात काय येणार, ते तिला कळून चुकलं.

ती रागानेच परत फिरली. आज दाजींना चार शब्द सुनावायचेच होते. अंगणात खुर्च्या गोळा होत होत्या आणि वाडी मोकळ्या तोंडाने बोलत होती. एकमेकांची थट्टा, हसणं, शिव्यासुद्धा, सगळं जिवंत. तिला रडू यायला लागलं.

दाजी लगबगीने समोर आले. चेहरा फुललेला.

‘‘सगलां बरोबर झालां ना गो बाय? रोज सांजचे देवलात बसवून घोटून घेतलां सगल्यांकडना. चिमा तं ‘समाधानकारक’ला सारकी अडकायची. मी म्हटलां, आमच्या बायचे मोठे साहेब येनार. तिची मान खाली जायला नको.’’

बापाच्या सदऱ्याची घडी अजून मोडली नव्हती.

‘‘सगलां झ्याक झालां, दाजी,’’ ती म्हणाली. ‘‘कोन चुकलां नाय.’’

दाजींचं हसू जरा मावळलं. साहेब खरंच गेले ना, याची खात्री करायला त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

‘‘असां नको बोलूस गो. जिभेला सवय लागंल. वर्गात तोंडातना निसटलां तं पोरां हसतील तुला.’’